वाकडं जुळलेलं हाड

आमच्या भागात माणूस दुरून ओळखला जायचा तो चालीवरून. संध्याकाळी धुऱ्यावरून कोण येतंय हे तोंड दिसायच्या आधीच कळायचं. कुणी पाय ओढत यायचा, कुणी एका बाजूला झोल देत यायचा, कुणाच्या चपलेचा एकाच पायाचा आवाज यायचा. वर्धा जिल्ह्यातल्या बोर नदीकाठच्या त्या टापूत दर गावात असा एखादा तरी माणूस असे, ज्याची मांडी कधीतरी मोडली होती आणि जुळली होती, पण वाकडी जुळली होती. गावाच्या हिशेबात तो बरा झालेला माणूस. त्याच्या स्वतःच्या हिशेबात मात्र दुखणं तिथून सुरू झालेलं असे.

आमच्या बोलीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. ‘हाड जुळलं’ आणि ‘हाड बसलं’. जुळणं हे हाडाचं काम. ते देहाच्या स्वभावातच आहे, त्याला ना वैद्य लागतो ना डॉक्टर. बसणं म्हणजे जागच्या जागी येणं, आणि ते माणसाच्या हातचं. मांडीचं हाड जुळतं बहुतेकांचं. जागेवर बसतं थोड्यांचं. या दोन शब्दांमधल्या अंतरात आमच्याकडच्या किती घरांचा संसार तिरपा झाला, याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही.

मांडी मोडायची कशानं? आता मोटारसायकलनं मोडते. तेव्हा बंडीनं मोडायची. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा निघाला तो कापसाचा मुलूख म्हणूनच. १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली आणि वर्धा, पुलगाव, हिंगणघाट ही गावं कापसाच्या गाड्यांनी भरून गेली. वेचणी झाली की रात्री-बेरात्री बंड्या निघत. शीग लावून भरलेल्या कापसावर गाडीवान निजलेला, बैल आपल्या मनानं चाललेले. नाल्याच्या उतारावर चाक कलंडलं की माणूस वरून खाली आणि कधी चाकाखाली. बाकीचे पडायचे चिंचेवरून, मोहाच्या झाडावरून, बांधकाम नसलेल्या विहिरीच्या काठावरून.

मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत दणकट हाड. ते मोडतं तेव्हा बाहेर जखम दिसत नसली तरी आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जाऊ शकतं. आमच्याकडे अशा माणसाला दोघं खांद्याला आणि दोघं पायाला धरून उचलत. त्यात मोडकं हाड आणखी हलायचं. काही माणसं पहिल्या दोन-तीन दिवसांतच दम लागून, भ्रम होऊन जात. लोक म्हणत, ‘भेव बसलं त्याले.’ पुढं कळलं की मोडलेल्या मोठ्या हाडातली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात आणि मेंदूत अडकू शकते. त्या भ्रमाचं एक कारण ते असावं.

जो यातून वाचे त्याच्यासाठी हाडवैद्य बोलावत. हाडवैद्य म्हणजे कुणी जादूटोणावाला नव्हे. बहुधा शेतकरीच असायचा, बापाकडून हात शिकलेला. तो तिळाच्या तेलानं पाय चोळायचा, दोन गडी धरून पाय ताणायचा, बोटांनी चाचपून टोकं समोरासमोर आणायचा. मग कांडवेल ठेचून हळदीसंगं लेप, वर बांबूच्या कामट्या, वर जुन्या धोतराच्या चिंध्या. आठव्या दिवशी सोडून पुन्हा बांधायचं. असं सव्वा महिना. मोबदला म्हणजे एक नारळ आणि पायलीभर ज्वारी. गरिबाकडून तेही घेत नसत.

त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याच्या हाताला यश होतं, आणि ते कुठून येत होतं हे नीट पाहिलं पाहिजे. मनगट, नडगी, लहान लेकरांचा हात ही हाडं कामट्यांत चांगली राहतात. आणि लेकरांच्या बाबतीत निसर्गच हाडवैद्याच्या बाजूनं उभा असतो. सात-आठ वर्षांच्या पोराची मांडी थोडी वाकडी जुळली तरी वाढीबरोबर ती पुष्कळशी सरळ होते. टोकं एकावर एक चढून सेंटिमीटरभर आखूड झालेलं हाड तर मोडल्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत जरा जास्तच वाढून उणीव भरून काढतं. फक्त पीळ पडलेला असेल तर तो तितकासा उलगडत नाही. अशी दहा पोरं धावती झाली की पंचक्रोशीत वैद्याचं नाव होई, आणि मग त्याच हाताखाली पंचविशीतला गडी येऊन पडे. त्याची वाढ संपलेली. त्याचं हाड जसं जुळेल तसंच जन्मभर राहणार.

मोठ्या माणसाच्या मांडीत कामट्या हरतात त्याचं कारण मांसात आहे. मांडीचे स्नायू इतके जोरकस की मोडलेली टोकं ते एकमेकांवर चढवतात. पाय तिथंच इंचभर, दोन इंच आखूड होतो. वरचा तुकडा पुढं आणि बाहेर ओढला जातो, खालचा आत खेचला जातो, आणि मांडीला बाहेरच्या अंगानं कमान पडते. वर पाऊल आपल्या वजनानं बाहेरच्या बाजूला कलतं, म्हणजे पीळही पडतो. आखूडपणा, कमान आणि पीळ अशा तीन खोडी एकदम. कामट्या बांधायच्या मांडीला; पण मांडी धरून ठेवायची तर वर कंबर आणि खाली पाय दोन्ही धरावे लागतात. वर तो माणूस निजवायचा सुताच्या झोळ पडलेल्या बाजेवर. बाजेचा झोल तोच मांडीचा झोल.

गंमत अशी की ही गोष्ट आपल्याकडे फार जुन्या काळी कळलेली होती. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे. मांडी किंवा पाय मोडला तर माणसाला लाकडी फळीवर निजवावं आणि पाय हलू नये म्हणून पाच ठिकाणी खुंट्या ठोकून तो बांधावा, असं त्यात सांगितलंय. त्या फळीला कपाटशयन म्हणतात. बांधणी फार सैल झाली तर सांधा पक्का राहत नाही, फार आवळली तर सूज येते, ठणका लागतो, पिकतं, हेही आहे. थंडीत सात दिवसांनी, मधल्या ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून बांधायचं. लहान वयात महिन्यात जुळणारं हाड मध्यम वयात दुप्पट आणि म्हातारपणी तिप्पट वेळ घेतं. आणि लांब हाड वेडंवाकडं जुळलं असेल तर ते पुन्हा मोडून, सरळ करून, ताज्या मोडीसारखं पुन्हा बांधावं. हे सगळं त्या ग्रंथात आहे. आमच्या हाडवैद्याला यातलं आठव्या दिवसाचं बांधणं तेवढं उरलं होतं. फळी गेली, खुंट्या गेल्या, आणि वाकडं जुळलेलं परत मोडून सरळ करायची हिंमतही गेली.

तिकडे इंग्लंडातसुद्धा वाट हाडवैद्याच्या घरातूनच निघाली. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा शिकलेला डॉक्टर, पण त्याचा बाप इव्हान थॉमस आणि त्याआधीच्या पिढ्या हाडं बसवणाऱ्या. बापावर डॉक्टरांचा राग, खटले व्हायचे. म्हणून त्यानं पोरांना डॉक्टरी शिकायला घातलं. ह्यू थॉमसनं १८७५ च्या सुमारास एक साधा सापळा पुढं आणला. जांघेत बसणारं लोखंडी कडं, त्यातून पायाच्या दोन्ही अंगांनी खाली जाणाऱ्या दोन सळया, आणि पाय खाली ताणून बांधलेला. कडं वर टेकतं, पाय खाली ओढला जातो, मधली मांडी सरळ राहते. जिवंतपणी त्याला फारसं कुणी विचारलं नाही. १८९१ मध्ये तो वारला. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट जोन्स या त्याच्याच शिष्यानं तो सापळा आघाडीवर नेला. मांडी फुटलेल्या शंभर सैनिकांतले ऐंशी मरत, ते प्रमाण वीसच्या आत आलं, असं सांगतात. आकड्यांवर पुढं वाद झाले, पण मांडी ताणून धरली की जीव वाचतो हे जगाला तिथं पटलं.

आमच्याकडे हा ताण पोचायला फार वर्षं लागली. वर्ध्याहून नागपूर पंचाहत्तर किलोमीटर. मांडी मोडलेल्या माणसाला बंडीतून स्टेशनावर आणि तिथून गाडीत घालून मेयो दवाखान्यात न्यायचं म्हणजे सावकाराकडे जायचं. नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज १९४७ मधलं. इकडे सेवाग्रामात गांधीजी १९३६ साली राहायला आले, आणि सुशीला नय्यर यांनी आश्रमात आजाऱ्यांना औषध द्यायला सुरुवात केली. १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या. त्याच सुमारास बिर्लांनी बांधलेल्या पाहुण्यांच्या घरात बायका-मुलांसाठी पंधरा खाटांचा दवाखाना सुरू झाला. तेच कस्तुरबा रुग्णालय. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्याच्या आधारानं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. आधी केंद्रात आरोग्यमंत्री राहिलेल्या सुशीलाबहेनच तिच्या पाठीशी होत्या. खेड्यात मेडिकल कॉलेज ही तेव्हा नवलाची गोष्ट. विद्यार्थी खादी घालायचे, सुरुवातीचे दिवस आश्रमात राहायचे, आणि दरेक तुकडी एक गाव दत्तक घ्यायची. पुढं १९९० मध्ये सावंगीला दुसरं मेडिकल कॉलेज निघालं. आज वर्धा शहराच्या दोन अंगांना दोन मोठे दवाखाने आहेत. मोठमोठ्या शहरांनाही एवढं भाग्य नसतं.

पण माझ्या थोरल्या काकाचा पाय १९६३ चा. कापसाची बंडी कलंडली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. हाडवैद्यानं सव्वा महिना बांधला. सोडला तेव्हा हाड जुळलं होतं यात शंका नाही. काका त्यावर उभा राहिला, आजीनं नारळ फोडला. आठ दिवसांनी आजीच म्हणाली, ‘याचं धोतर एका अंगानं भुईले काहून लागते?’ धोतर नव्हतं लागत, काका कलत होता. उजवा पाय दीड इंच आखूड, मांडीला बाहेरून कमान, आणि पाऊल घराच्या दाराकडे तोंड करून उभं असताना गोठ्याकडे वळलेलं.

तिथून जे सुरू झालं ते कुणी दुखणं म्हणून मोजलं नाही. वखर चालवायचा तर एका मापाची पावलं लागतात, ती गेली. डवरणीला काका तासावरून सरकायचा, बैल थांबायचे. उकिडवं बसता येईना, म्हणजे निंदण गेलं आणि सकाळचा विधीही कष्टाचा झाला. दोन वर्षांत कंबर धरली. लग्न ठरत होतं ते मोडलं. पुढं चार वर्षांनी झालं. वाटणीत त्याला घराजवळचं वावर दिलं, चालायला नको म्हणून. ते मुरमाड होतं. वाकड्या हाडाची किंमत अशी सात-बाऱ्यावर उतरते, पण तिथं कारण लिहिलेलं नसतं.

१९७० नंतर कधीतरी काका मोठ्या दवाखान्यात गेला. मी शाळकरी, सोबतीला. हाडाच्या डॉक्टरांनी आधी पाय पाहिलाच नाही. काकाला भिंतीजवळ उभं केलं आणि मागून कमरेची दोन हाडं पाहिली. मग आखूड पायाखाली लाकडाच्या फळ्या सरकवायला लागले. पाव इंचाची, अर्ध्या इंचाची, आणखी एक. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तेव्हा फळ्या मोजल्या. दीड इंच. नंतर टेबलावर निजवून फीत लावली, कमरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत, दोन्ही पायांची. गुडघा किती वाकतो ते पाहिलं. पावलं कुणीकडे वळतात ते पाहिलं. मग एक्स-रे, मांडीसंगं कंबर आणि गुडघाही दिसेल असा.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. हाड पुन्हा कापता येईल, सरळ करून आत सळई घालता येईल. ती सळई जर्मनीतल्या कील गावच्या गेरहार्ड क्युन्चरनं १९३९ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मांडीत घातली होती. युद्धकैदी म्हणून जर्मनीत राहून घरी परतलेल्या सैनिकांच्या मांडीत पोलादाची सळई पाहून अमेरिकेतले डॉक्टर चकित झाले होते म्हणे. आमच्यापर्यंत ती यायला पंचवीस-तीस वर्षं गेली. डॉक्टर म्हणाले, ‘भाऊ, तीन-चार महिने धरा. कमान जाईल, पीळ जाईल. लांबी सगळी भरून येणार नाही.’

काकानं विचारलं, ‘अन् मी पडलो तं वेचनी कोन करन, साहेब? पऱ्हाटी उभी हाय.’

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि दुसरा रस्ता लिहून दिला. हाच भाग मला आज इतिहासातला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो कुठं लिहिला जात नाही. चप्पल उंच करा. पण दीड इंच एकदम नाही. दहा वर्षं वाकड्याला सवयलेली कंबर एकदम सरळ केली तर दुखेल. आधी पाऊण इंच, सहा महिन्यांनी पुन्हा या. मांडीचा पुढचा स्नायू सुकलाय. बाजेवर नाही, फळीवर बसून पाय सरळ करून वर उचला, दहा मोजा, खाली ठेवा, सकाळ-संध्याकाळ. गुडघ्याच्या आतल्या अंगाला दुखू लागलं तर थांबू नका, दाखवा. मांडी बाहेर वाकलेली असली की अंगाचा भार गुडघ्याच्या आतल्या भागावर येतो आणि तिथली गादी आधी झिजते. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात धरा. आणि दर वर्षी एकदा या, दुखत नसलं तरी.

गावच्या चांभारानं टायरच्या रबराचे थर लावून चप्पल केली. त्यानं डॉक्टरांपेक्षा एक गोष्ट जास्त ओळखली. आमची काळी माती पावसाळ्यात तळव्याला धरते. उंच चपलेला चिखल लागला की ती शेरभर जड होते आणि आखूड पायाचा माणूस पडतो. म्हणून त्यानं सांगितलं, ‘सडकेनं घाला, वावरात अनवाणी.’ पुढच्या खेपेला काकानं हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, मला आठवतं. उपचार असा दोन्हीकडून शिकत जातो, पण त्यासाठी माणूस परत जावा लागतो.

काका परत जात राहिला. दर साली पोळा झाला की. त्यानं ऑपरेशन केलं नाही, पाय वाकडाच राहिला. पण कंबर दुखायची थांबली, आणि साठीपर्यंत त्यानं ते मुरमाड वावर कसलं. त्याच्यासारखाच पाय असलेली आणि परत न गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पन्नाशीतच गुडघा गेला, मग घराचा ओटा हेच त्यांचं जग झालं. हाड दोघांचंही सारखंच वाकडं होतं. फरक फेऱ्यांचा होता.

फेरी का चुकते याचं उत्तर औषधात नाही, पैशात आणि दिवसात आहे. हे ओळखून सेवाग्रामला एक प्रयोग झाला. संस्थेतले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सोबत्यांनी खेड्यांमध्ये विम्याची अशी पद्धत बसवली की हंगामाला दरेक घरानं आपल्या कुवतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जास्त शेती असणाऱ्यानं जास्त, मजुरानं थोडी. त्या ज्वारीच्या बळावर गावातल्या आजाऱ्याला दवाखान्याचा आधार मिळायचा. बाहेरच्यांना याचं कौतुक वाटलं. आम्हाला त्यात ओळखीचं काहीतरी दिसलं. हाडवैद्याची पायलीभर ज्वारीच ही, फक्त पाय मोडायच्या आधी दिलेली, आणि एका घराऐवजी अख्ख्या गावानं दिलेली.

मधल्या काळात दवाखान्यात ताण लावायची रीत आली. गुडघ्याखालच्या हाडातून आडवी खिळ घालायची, तिला दोरी, दोरीला चाकावरून वजन, आणि अंगानं रुग्ण वर-खाली सरकू नये म्हणून खाटेचे पायथ्याकडचे पाय विटांवर. दहा-बारा आठवडे तसंच पडून. घरचं एक माणूस सोबत लागायचं, म्हणजे दोन मजुऱ्या बुडायच्या. पाय सरळ जुळायचा, पण त्याच काळात पाय हलवला नाही तर गुडघा आखडायचा. म्हणून नर्सबाई येता-जाता ओरडायच्या, ‘मांडी आवळा, सोडा, आवळा!’ ज्यांनी ऐकलं त्यांचे गुडघे वाकले. कंटाळून पाचव्या-सहाव्या आठवड्यात वजन सोडवून घरी जाणारेही होते. कोवळ्या हाडावर ते उभे राहत आणि सरळ जुळत आलेलं हाड घरी जाऊन वाकत असे. वाकडं जुळलेलं हाड म्हटलं की आपण हाडवैद्याकडे बोट दाखवतो. पण त्यातली कितीतरी अशी दवाखान्यातून लवकर निघालेल्यांची होती.

मग आल्या वर-खाली स्क्रूनं पक्क्या केलेल्या सळया. आता मांडी मोडली की चार-सहा दिवसांत माणूस काठीवर उभा राहतो. २०१३ अखेर राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यभर लागू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१४ पासून १०८ ची गाडी फोन केला की येते. सावकाराकडे न जाता मांडीत सळई पडते, ही माझ्या हयातीत घडलेली क्रांती आहे आणि ती मी हलकी लेखणार नाही.

तरी वाकडं जुळणं संपलेलं नाही. त्यानं रूप बदललंय. आमच्या गल्लीतल्या एका पोराला मोटारसायकलच्या अपघातात सळई पडली. एक्स-रे सरळ, टाके कोरडे, घरी सोडलं. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या आईच्या लक्षात आलं की तो निजला की एका पायाचा अंगठा छताकडे आणि दुसऱ्याचा भिंतीकडे. घरचे म्हणाले, सूज उतरली की होईल. ती म्हणाली, ‘सुजीनं आंगठा फिरत नाही.’ आणि त्याला घेऊन परत गेली. एक्स-रेच्या सपाट फोटोत कमान दिसते, आखूडपणा दिसतो. पीळ सहज दिसत नाही. सीटी स्कॅनवर दोन्ही मांड्यांची खुब्याजवळची आणि गुडघ्याजवळची वळणं ताडून पाहिली तेव्हा पीळ निघाला. हाड अजून जुळलेलं नव्हतं, म्हणून खालचे स्क्रू काढून पाय वळवून पुन्हा स्क्रू बसवता आले. तीच बाई पाच महिन्यांनी गेली असती तर हाड कापावं लागलं असतं.

आज वाकडी जुळलेली मांडी सरळ करायची रीत पक्की झालीय. कंबरेपासून घोट्यापर्यंत उभ्यानं काढलेला एक्स-रे, त्यावर रेघा मारून कुठं आणि किती कापायचं याचा हिशेब, मग कापून, वळवून, सळई किंवा पट्टी. लांबी कमी पडली तर रशियातल्या कुर्गान गावच्या इलिझारोव्हची रीत. त्यानं १९५० च्या दशकात, युद्धातून आलेल्या लंगड्या माणसांवर काम करता करता, बाहेरून कड्या आणि तारांचा सांगाडा बसवला आणि पाहिलं की कापलेलं हाड दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव करून, दूर सरकवलं तर मधल्या फटीत नवं हाड उगवतं. चार सेंटिमीटरला चाळीस दिवस सरकवायचं, आणि ते पक्कं व्हायला त्याच्या कितीतरी पट दिवस वाट पाहायची. तारा रोज पुसायच्या. वर्ध्याच्या मे महिन्यातल्या उन्हात घाम आणि धूळ सांभाळत तो सांगाडा वागवायचा म्हणजे घरातल्या बाईची तपश्चर्या. ऑपरेशन डॉक्टर करतात दोन-तीन तासांत. पाय बरा होतो पुढच्या दीडशे-दोनशे दिवसांत, घरी.

आणि सगळ्यांना ऑपरेशन लागतंच असंही नाही. दोन सेंटिमीटरच्या आतला आखूडपणा बहुतेकांना चपलेच्या उंचीनं, कधी त्याहीशिवाय निभतो. थोडी कमान पुढच्या बाजूला असली तर गुडघा ती सोसून घेतो. आत-बाहेरची कमान आणि पीळ तो सोसत नाही. कुणाला काय करायचं हे वय, काम आणि गुडघ्याची स्थिती पाहून ठरतं, आणि ते एका भेटीत ठरत नाही. पन्नाशीच्या पुढच्या माणसात तर गुडघा आधीच किती झिजलाय यावर सगळा हिशेब फिरतो.

म्हणून गावात कुणाची मांडी जुळली म्हणून पेढे आले की मी पेढा खातो आणि विचारतो: दोन्ही पायांवर सारखा उभा राहतो का? कमरेच्या दोन्ही बाजू एका रेषेत आहेत का? निजल्यावर दोन्ही अंगठे एकाच दिशेला आहेत का? गुडघा उकिडवं बसण्याइतका वाकतो का? ऑपरेशनच्या जागेतून पाणी तर येत नाही? पुढची तारीख कधीची आहे? पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरं मिळतात. सहाव्याला लोक इकडे-तिकडे पाहतात. कागद असतो, प्लास्टिकच्या पिशवीत, देव्हाऱ्याच्या मागं. त्यावर तारीखही असते. पण त्याच आठवड्यात सोयाबीन काढायचं असतं, किंवा बाईनं आधीच चार खाडे केलेले असतात, किंवा ‘आता चालतंय ना बाप्पा’ असं घरच्यांनी ठरवलेलं असतं. सळई कार्डावर होते. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज घरातूनच जातो.

आमच्याकडे हाडाच्या उपचाराचा इतिहास सांगायचा तर लोक फळीपासून सळईपर्यंत सांगतात, आणि तो खराच आहे. त्याच्या जोडीला दुसराही एक सांगावा लागतो. फळीच्या काळापासून आजवर ज्यांचे पाय कामाचे राहिले, त्यांच्या घरात कुणीतरी एक जण पुन्हा पुन्हा दवाखान्याची वाट चाललेला असतो. बहुतेकदा ती बाई असते, आणि दवाखान्याच्या कागदावर तिचं नाव ‘सोबत’ एवढंच असतं.